कोंबड्यांच्या जुन्या चित्रांखालची ओळ कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शोभेच्या कोंबड्या पाळण्याच्या वाढत्या हौसेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख चांगला होता. तक्रार त्यासोबतच्या रंगीत चित्राबद्दल आहे. त्याखाली 'ब्रह्मा जातीची जोडी' एवढेच छापले होते. चित्रकार, साल, पुस्तक, काहीच नाही. ते चित्र जे. डब्ल्यू. लडलो यांचे. लंडनच्या कॅसेल प्रकाशनाने १८७२ पासून भागाभागाने काढलेल्या लुईस राइट यांच्या सचित्र कुक्कुटग्रंथात लडलोंची पन्नास रंगीत पाने आहेत. त्यांतल्या बहुतेक पानांखाली पक्ष्याचा मालक कोण आणि कोणत्या प्रदर्शनात त्याला कितवे बक्षीस मिळाले, हे बारीक अक्षरांत दिलेले असते. फ्रेमवाले ही ओळ माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, दडपतात, जुन्या चित्रांचे व्यापारी पान सुबक दिसावे म्हणून ती कापतात आणि वर्तमानपत्रे जागेसाठी. मग ते चित्र पाहून लोक पिल्ले मागवतात आणि वर्षभराने फसवले गेल्याची तक्रार करतात. विकणारा दर वेळी लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा चित्रच चुकीचे वाचलेले असते.

ही चित्रे कशासाठी काढली गेली ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. झुंजीचे पक्षी जपणाऱ्यांची ईर्षा मग प्रदर्शनांकडे वळली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ च्या जूनमध्ये पहिले मोठे प्रदर्शन भरले, १८४९ मध्ये अमेरिकेत बोस्टनला भरले. चीनहून आलेल्या अवाढव्य कोंबड्यांनी तर दोन्ही देशांतल्या लोकांना वेडच लावले. प्रदर्शन म्हटले की परीक्षक आला, परीक्षक आला की वाद आले. वाद मिटवायला १८६५ मध्ये इंग्लंडच्या पोल्ट्री क्लबने प्रत्येक जातीचे लेखी मानक प्रसिद्ध केले : तुरा कसा, कानाची पाळी कोणत्या रंगाची, पायाला बोटे किती, कशाला किती गुण. अमेरिकेतल्या संघटनेने १८७४ मध्ये आपले मानक काढले. लडलो स्वतः अशा प्रदर्शनांत परीक्षक म्हणून काम करत. म्हणजे समोरचा पक्षी रंगवताना त्यांच्या डोक्यात गुणपत्रिका असे. पक्ष्यात जे थोडे कमी पडे ते कुंचल्याने भरून निघे. पुढे अमेरिकेत फ्रँकलेन स्युएल आणि आर्थर शिलिंग यांनी छायाचित्रांवर हात फिरवूनही हेच केले. १९०५ च्या अमेरिकन मानकातली चित्रे तर उघडउघड आदर्श पक्ष्याची आहेत, कुणा एका जिवंत कोंबड्याची नाहीत. ती पैदास करणाऱ्याने कुठे पोचायचे ते दाखवतात. बाजारात काय मिळते ते दाखवण्याचा त्यांचा हेतूच नाही.

याच्या उलट टोकाचे चित्र आपल्याकडे त्याआधी अडीचशे वर्षे होऊन गेले होते. जहांगीर बादशहाच्या हुकमावरून मुकर्रब खान गोव्याला गेला आणि १६१२ मध्ये पोर्तुगीजांकडून नवलाच्या वस्तूंबरोबर एक टर्की घेऊन आला. दरबारी चित्रकार मन्सूरने तो रंगवला, ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मन्सूरपुढे कोणतेही मानक नव्हते. गळ्याखालच्या सुरकुत्या, डोक्यावरचे निळे-लाल कातडे, जे दिसले ते त्याने उतरवले. पक्ष्याची नोंद म्हणून मला ते चित्र लडलोंच्या कुठल्याही पानापेक्षा भरवशाचे वाटते.

साल का हवे? जाती बदलतात म्हणून. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर येथील खुराड्यातल्या 'कोचीन चायना' कोंबड्यांचे चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने १८४३ मध्ये छापले. त्यातल्या पक्ष्यांचे पाय उघडे आहेत. पायांवर दाट पिसे असलेली, आज आपण कोचीन म्हणतो ती जात १८४७ च्या सुमारास शांघायहून आलेल्या पक्ष्यांपासून घडली. कोचीनच काय, ब्रह्माचेही तेच. अमेरिकेतल्या बर्नहॅम या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणीला नऊ पक्षी भेट पाठवले, पुढच्याच वर्षी त्यांचे लाकडी ठशावरून छापलेले चित्र त्याच साप्ताहिकात आले. ते पक्षी उंच, सुटसुटीत, पायांवर बेताची पिसे असलेले आहेत. लडलोंच्या पानावर त्यांचे वंशज भरदार झाले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांत पायांवरच्या पिसांची रुंदी आणखी वाढलेली दिसते. साठ वर्षांतला हा प्रवास. मधले कुठलेही एक चित्र उचलून 'अस्सल ब्रह्मा असा असतो' म्हणणे चुकीचे, कारण तो त्या त्या वर्षीच्या परीक्षकांना हवा असलेला ब्रह्मा आहे.

आता जोडीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते. आपण छापलेल्या चित्रात डार्क ब्रह्माचा कोंबडा आहे : मानेवर रुपेरी पिसे, छाती काळीभोर. शेजारच्या कोंबडीच्या राखी अंगावर प्रत्येक पिसात कडेला समांतर जाणाऱ्या बारीक काळ्या रेषा. पाहणाऱ्याला वाटते, ही दोघे एकत्र सोडली की पिल्ले अशीच निघणार. तसे होत नाही. ठसठशीत काळ्या छातीचे कोंबडे ज्या वंशातून येतात, त्यातल्या तलंगांच्या (तरुण माद्यांच्या) पिसांवरच्या रेषा पुसट आणि तुटक निघतात. ज्या वंशातून रेखीव तलंगा येतात, त्यातल्या कोंबड्यांच्या छातीवर पांढरे ठिपके उतरतात आणि प्रदर्शनात ते मार खातात. म्हणून इंग्लंडमधले जुने पैदासकार एकाच जातीचे दोन वेगळे कळप ठेवत, एक प्रदर्शनातल्या नरांसाठी, एक प्रदर्शनातल्या माद्यांसाठी. पहिल्यातल्या माद्या आणि दुसऱ्यातले नर प्रदर्शनात कधी जात नसत, ते फक्त पैदाशीचे. चित्रात शेजारी उभे असलेले नर-मादी बहुधा एका घरट्यातले नसतातच. पेन्सिल्ड हँबर्ग आणि ब्राउन लेगहॉर्न यांच्या जोड्यांनाही हेच लागू आहे.

बार्ड प्लायमाउथ रॉक या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जातीत कारण अगदी स्वच्छ दाखवता येते. पट्ट्यांचे जनुक लिंगगुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराकडे अशी दोन सारखी गुणसूत्रे, मादीकडे एकच. नराला पट्ट्यांची दुहेरी मात्रा मिळते, त्याचे पांढरे पट्टे रुंद होतात आणि तो फिकट दिसतो. मादी गडद राहते. एकाच घरट्यातले नर आणि मादी एका छटेचे असूच शकत नाहीत. तरीही जुन्या चित्रांत नर-मादी हुबेहूब एकाच छटेत रंगवलेली आढळतात, कारण प्रदर्शनात तशी जोडी मागितली जाई आणि ती दोन कळपांतून जुळवली जाई. पिल्ले विकणारा 'चित्रातल्यासारखीच निघतील' म्हणाला, तर त्याला एकच विचारावे : नराचा कळप कोणता, मादीचा कोणता? उत्तर आले नाही तर पाळण्याच्या आनंदासाठी खुशाल घ्या, प्रदर्शनाच्या भावाने घेऊ नका.

चित्रकारांच्या युक्त्या नजरेला सवय झाली की लगेच कळतात. क्षितिज पुष्कळदा पक्ष्याच्या गुडघ्याशी असते आणि मागचे कुंपण किंवा घर इवलेसे, त्यामुळे कोंबडा वासराएवढा भासतो. अमेरिकन मानकात लाइट ब्रह्माच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १२ पौंड, म्हणजे सुमारे ५.४ किलो, आणि मादीचे साडेनऊ पौंड, सुमारे ४.३ किलो. मोठा पक्षी खरा, पण चित्रावरून मनात भरते तेवढा नाही. डोके लहान काढले की धड आपोआप मोठे दिसते, तेही सर्रास केलेले असते. डॉर्किंग, हूदां आणि सिल्की या जातींना पाच बोटे असतात, पाचवे बोट पाहणाऱ्याला दिसावे म्हणून पाय मुद्दाम वळवलेला असतो. एकेरी तुऱ्याला मोजून पाच दाते. गवत इतके आखूड की पायांवरची पिसे झाकली जाऊ नयेत. हे गवत नेहमी कोरडे असते, ही त्यातली सगळ्यात मोठी थाप आहे. कोकणातल्या जुलैत ब्रह्मा किंवा कोचीन अंगणात सोडा, दोन दिवसांत पायांवरच्या पिसांना चिखलाचे गोळे लागतात, पिसे मुळाशी तुटतात, बोटांच्या बेचक्यात जखमा होतात आणि पायाच्या खवल्यांखाली माइट हे बारीक किडे शिरून खवले उचलले जातात. अशा जातींना पावसाळ्यात छपराखाली भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा ८ ते १० सेंटिमीटर कोरडा थर लागतो. तो रोज हलवावा लागतो आणि गोळा झालेला भाग काढून टाकावा लागतो.

काही गोष्टी मात्र चित्रकारांनी अचूक टिपल्या आहेत आणि त्यांवरून नकला ओळखता येतात. सेब्राइट बँटम या बुटक्या जातीचा नर मादीसारख्याच पिसांचा असतो. शेपटीत लांब वाकडी पिसे नसतात, मानेवर टोकदार पिसे नसतात, कारण या जातीच्या त्वचेत नराच्या संप्रेरकाचे मादीच्या संप्रेरकात रूपांतर होते. सेब्राइटच्या नावाखाली झुपकेदार शेपटीचा कोंबडा दिसला, तर जात न पाहता कुणीतरी केलेली ती नक्कल समजा. सिल्कीच्या पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, म्हणून ती लोकरीसारखी मोकळी राहतात. हॅरिसन वेअर या इंग्रज चित्रकारासारख्यांनी हे समजून कडा सुट्या ठेवल्या आहेत, नकलाकार त्यावर नेहमीच्या पिसांची नक्षी काढतात. पोलिश जातीची शेंडी नुसत्या पिसांची नसते, खाली कवटीलाच उंचवटा असतो. शेंडीवाल्या कोंबड्यांची चित्रे थेट १६०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आल्ड्रोवांडी यांच्या पक्षिग्रंथातही आहेत. चित्रात ही शेंडी डोळ्यांच्या वर नीट बसवलेली असते. खऱ्या पक्ष्याला ती आडवी येते, बाजूने आलेले कुत्रे-मांजर दिसत नाही, आणि भिजली की आत उवा माजतात.

रंगांबद्दल एक सूचना, ही सहसा कुणी सांगत नाही. छापील चित्रात पांढरा रंग बहुधा छापलेला नसतो, तो कागदाचाच असतो. मिनोर्का किंवा लेगहॉर्नच्या कानाची पांढरी पाळी म्हणजे कोरा ठेवलेला कागद. कागद पिवळा पडला की पाळीही सायीच्या रंगाची होते आणि वाचणारा ती जातीची खूण समजतो. डॉर्किंगचे पांढरे पाय असेच पिवळट दिसू लागतात. हा घोटाळा किरकोळ नाही, कारण पायाच्या कातडीचा पिवळा किंवा पांढरा रंग जात ओळखताना महत्त्वाचा. (पिवळ्या कातडीचे जनुक पाळीव कोंबडीत राखी रानकोंबड्याकडून आले, हे २००८ मध्ये दाखवले गेले. डार्विनने सगळे श्रेय लाल रानकोंबड्याला दिले होते. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तोच.) म्हणून रंग ठरवण्याआधी पानाच्या कोऱ्या समासाचा रंग पाहावा आणि पाळीशी किंवा पायाशी ताडावा. दोन्ही सारखे असतील तर ते पांढरेच समजावे. लाल तुऱ्याचेही तसेच आहे. उन्हात टांगलेल्या चित्रात काही लाल रंग विटतात आणि धट्टाकट्टा पक्षी आजारी, पांढुरक्या तोंडाचा दिसू लागतो.

चित्र अस्सल जुने आहे की नाही, हे घरी ओळखता येते. सराफाकडचे १० पट मोठे दाखवणारे भिंग आणि सगळ्या दिशांनी सारखा येणारा उजेड पुरतो. वेअर यांनी टेगेटमायर यांच्या १८६७ च्या कुक्कुटग्रंथासाठी केलेली चित्रे लेटन ब्रदर्सने उठावाच्या ठशांवरून रंगीत छापली. वेअर आणि या छापखान्याचे जॉर्ज लेटन हे दोघेही रंगीत छपाईतल्या बॅक्स्टर यांच्याकडे उमेदवारी केलेले. अशा छपाईत रेषेच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकलेली, गडद किनार झालेली दिसते आणि पिसांवरचे प्रकाश कोरून काढलेल्या पांढऱ्या रेघांचे असतात. लडलोंची राइट यांच्या ग्रंथातली पाने शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेली, आहेत. भिंगाखाली हाताने टाकलेले लहानमोठे, अनियमित ठिपके दिसतात, एका रंगावर दुसरा चढलेला, कुठे खडूने घासल्यासारखा पोत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यामुळे तुऱ्याच्या टोकाशी किंवा चोचीजवळ लाल रंग बाह्यरेषेच्या केसभर बाहेर गेलेला असतो. हा दोष नव्हे, ओळख आहे.

शिळाछाप कशी दिसते याचा नमुना हवा असेल तर लंडनला जायला नको. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची किंवा रविवर्मा प्रेसची जुनी देवदेवतांची चित्रे अनेक मराठी घरांत अजून आहेत. चित्रशाळा १८७८ ची. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्र तेच, जर्मनीतल्या चुनखडीच्या दगडांवरचे. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरले की जे ठिपके दिसतात, तेच ब्रह्माच्या छातीवर दिसायला हवेत.

त्याऐवजी ठिपके काटेकोर ओळीत, जाळीत बसलेले दिसले तर ती ब्लॉकची छपाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पुस्तके आणि कुक्कुटपालनाची मासिके अशी छापली जात, म्हणून तेवढ्यावरून ती नकली ठरत नाहीत. चार रंगांच्या ठिपक्यांची लहान लहान फुले दिसली तर ती बहुधा अलीकडची ऑफसेट छपाई, आणि धुळीसारखे विखुरलेले बारीक थेंब दिसले तर इंकजेट. खात्री करायला अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारावा. ३६५ नॅनोमीटरचा असावा, जांभळा उजेड टाकणारे स्वस्त टॉर्च फसवतात. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रता वाढवणारे रसायन आहे, आणि ते कागदात १९५० च्या आसपासपासूनच येऊ लागले. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. एक अपवाद लक्षात ठेवावा : जुने पान नव्या पुठ्ठ्यावर डकवलेले असेल तर चमक मागून येते, म्हणून पानाची कड पाहावी. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो. खरे पान कडेला जास्त आणि मध्ये कमी काळवंडते. तेच पक्षी तशाच पवित्र्यात पण उलट दिशेला तोंड करून उभे दिसले, तर दुसऱ्या छापखान्याने छापील चित्रावरून सरळ दगडावर उतरवलेली ती नक्कल असण्याचा संभव मोठा. दगडावर सरळ काढलेले कागदावर उलटे उमटते.

आता फ्रेमवाल्यांबद्दल, कारण जुन्या चित्रांचे सर्वात जास्त नुकसान आपल्याकडे फ्रेमच्या दुकानात होते. पान हार्डबोर्डवर खळीने पूर्ण चिकटवतात. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी रीत आहे. मोरचुदातले तांबे कागद कुजवते आणि काही वर्षांनी मागून तपकिरी डाग वर येतात. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आकसतो. चारही बाजू चिकटलेल्या असल्या की त्याला हलायला जागा राहत नाही, मग तो सुरकुततो किंवा फाटतो. सेलोटेपचा गोंद कागदात मुरून पिवळा पारदर्शक डाग पडतो, तो घरी निघत नाही. लॅमिनेशन तर परत न येण्याचा रस्ता.

दुकानदाराला सांगायचे ते असे. पान कापायचे नाही, खालची ओळ आणि समास दिसतील एवढी माउंटची खिडकी मोठी करायची. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित. पान फक्त वरच्या कडेला, सुमारे २ सेंटिमीटर रुंदीच्या पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी लटकवायचे. पट्ट्यांना गव्हाच्या स्टार्चची खळ : एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धा तास शिजवून, गार करून, गाळून. मोरचूद नाही, फेव्हिकॉल नाही. काच आणि चित्र यांत ३-४ मिलिमीटर अंतर हवे, नाही तर दमट हवेत शाई काचेला चिकटते. काही शिळाछाप पानांत गडद भागांवर डिंकाचा चमकदार हात दिलेला असतो, ती आधी चिकटतात. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. टांगावेच लागले तर फ्रेममागे चारही कोपऱ्यांत बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळेल.

तपकिरी ठिपके घालवायला ब्लीचिंग पावडर किंवा पेरॉक्साइड वापरू नये. ठिपके जातात, कागद ठिसूळ होतो आणि लाल-पिवळे रंग फिके पडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गुळगुळीत आर्ट पेपरच्या पानांना पाणी लागूच देऊ नये. त्यावरचा मातीचा थर विरघळून दोन पाने एकमेकांना कायमची चिकटतात. मुंबईत पूर आल्यावर पुस्तकांचे गठ्ठे विटेसारखे होतात ते यामुळेच. तसे झाले तर वाळण्याआधी, ओले असतानाच पानांत मेणकागद घालून ती वेगळी करावीत. पेटीत ठेवायची असतील तर हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी, ६५ च्या वर बुरशी धरते. सिलिका जेल घट्ट झाकणाच्या पेटीतच उपयोगी, लाकडी कपाटात ते दोन दिवसांत भरून जाते. डांबरगोळ्या पानाला टेकू देऊ नयेत. बिघडलेल्या मौल्यवान पानासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राकडे विचारणा करावी.

आपल्यासारख्या संपादकांसाठी स्कॅनिंगचे थोडेसे. शिळाछाप पान ६०० पीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) घ्यावे, बाजूला मोजपट्टी आणि रंग ताडायला राखी कार्ड ठेवावे. यंत्रातली आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करावी. ती पिवळा कागद पांढरा करायला जाते आणि त्याबरोबर ब्रह्माचे पिवळे पायही पांढरे करते, म्हणजे जातच बदलते. ब्लॉकचे चित्र ३०० ला घेऊन पुन्हा छापले की जुनी जाळी आणि नवी जाळी एकमेकांवर बसून लाटा उमटतात. म्हणून तेही ६०० ला घेऊन मग जाळी काढणारी सोय वापरावी. हक्कांची अडचण फारशी नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि वेअर १९०६ मध्ये वारले. अशा पुस्तकांची स्कॅन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट पाहता येतात, तीही खालच्या ओळीसकट. समाजमाध्यमावरून कापलेली प्रत उचलण्याची गरजच नाही.

शेवटी आपल्याकडच्या पक्ष्यांबद्दल. जुन्या इंग्रजी चित्रांत 'इंडियन गेम' नावाचा रुंद छातीचा पक्षी असतो. तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आपल्या असील या झुंजीच्या जातीचा संकर करून घडवलेला, पुढे कॉर्निश नावाने ओळखला गेलेला. आजच्या ब्रॉयलरच्या नराकडच्या वंशात कॉर्निश आहे, म्हणजे आपल्या शेडमधल्या ब्रॉयलरमध्ये असीलचा अंश आहे. पण असीलचे किंवा नंदुरबार-धुळ्याकडच्या, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेल्या बुसरा जातीचे मराठी वाचकाला ओळखू येईल असे चित्र वर्तमानपत्रात क्वचितच येते. पुढच्या लेखासाठी नवापूरकडच्या बुसराची छायाचित्रे घ्यावीत : पक्षी बाजूने, कॅमेरा त्याच्या पाठीच्या उंचीला, पाय कठीण जमिनीवर दिसतील असे, मागे मोजपट्टी, नर आणि मादी वेगवेगळ्या चौकटीत, वय आणि वजन लिहून. रंगांत विविधता असलेली ही जात आहे, म्हणून एकच देखणा पक्षी न निवडता पाच-सहा पक्षी दाखवावेत.

आणि त्या ब्रह्माच्या चित्राखाली पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी : 'डार्क ब्रह्मा, नर व मादी, चित्रकार जे. डब्ल्यू. लडलो, लुईस राइट यांच्या सचित्र कुक्कुटग्रंथातून, कॅसेल, लंडन, १८७० चे दशक, रंगीत शिळाछाप, प्रदर्शनातील पक्ष्यांवरून मानकानुसार काढलेले, मूळ ओळ छपाईत कापली गेली.'

आपला,
एक वाचक